सुप्याची खातेवही आणि पगाराचा कायदा



आजचा विषय ऐकून सकाळीच एक-दोघांनी आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, हे किमान वेतन आणि रजेचं मध्येच काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी आमचीच एक चूक सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही काही जण मिळून एक छोटा न्यास चालवत होतो. एक वाचनालय आणि मुलांसाठी अभ्यासिका, एवढाच पसारा. तिथे एक रखवालदार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना नेमताना आम्ही किमान वेतनाचा दर बघूनच पगार ठरवला होता. त्यामुळे आपण कायद्याने चाललो आहोत याबद्दल आम्ही निर्धास्त होतो. दीड वर्षानं जमाखर्च तपासताना लक्षात आलं, की मधल्या काळात विशेष भत्ता तीन वेळा बदलला आणि मामांचा पगार होता तिथेच आहे. आम्ही त्यांना बोलावलं, फरक मोजून दिला, माफी मागितली. तर ते म्हणाले, "भाचा कंपनीत आहे सर, त्यानं मागंच सांगितलं होतं मला. पण म्हटलं, तुम्हाला माहीत असणारच. तुम्ही देत नाही म्हणजे काहीतरी कारण असेल."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. आम्ही होतो गाफील. त्यांच्या मनात मात्र आम्ही जाणूनबुजून पैसे दाबणारे ठरलो होतो. आणि तरी ते रोज सकाळी कुलूप काढायला वेळेवर येत होते. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी हे सहा महिन्यांत मिटलं असतं.

म्हणून हा विषय. ज्याच्याकडे चार, दहा, वीस माणसं कामाला आहेत, अशा माणसानं पगाराच्या आणि रजेच्या बदलत्या कायद्यांबरोबर कसं राहायचं? आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो : हे काम मालकानं एकट्यानं करायचं ठरवलं तर अवघड आहे; कामगाराला सोबत घेऊन केलं तर बरंच सोपं आहे.

सुप्यात काय झालं होतं?

आपण सुप्यात बसलो आहोत. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे हे नाव शाळेच्या पुस्तकात येतं. पण त्याच पुस्तकात हे नाव आणखी एकदा येतं, 12 मे 1875 या तारखेला. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी या बाजारगावात जमले, सावकारांच्या आणि दुकानदारांच्या पेढ्यांवर चालून गेले, आणि मागितलं काय, तर खातेवह्या आणि कर्जरोखे. ते कागद त्यांनी जाळले. धान्याची दुकानंही लुटली गेली. ही ठिणगी पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कारणं पुष्कळ होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला, इकडे शेतसारा वाढला, सावकारानं हात आखडता घेतला. पण आजच्या विषयासाठी त्यातलं एक कारण बारकाईनं बघण्यासारखं आहे. 1859 मध्ये सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल, असा त्याचा अर्थ. हेतू चांगला होता : व्याजावर व्याज चढत जाऊ नये. प्रत्यक्षात काय झालं? सावकार दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलवायचा, जुनं मुद्दल आणि त्यावरचं थकलेलं व्याज एकत्र करायचा, त्या रकमेचा नवा रोखा करायचा आणि त्यावर अंगठा घ्यायचा. म्हणजे ऋणकोला वाचवण्यासाठी केलेला कायदा त्याच्याच गळ्याला लागला.

असं का झालं, तर कायदा बदलला हे एका पक्षाला नीट कळलं आणि दुसऱ्याला कळलंच नाही. कागद एकाच्या पेटीत होता. ज्याला तो वाचता येत नव्हता आणि ज्याच्याकडे त्याची प्रतही नव्हती, त्यानं शेवटी तो जाळला.

पुढे 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या तरतुदी बघा : पैसे घेतले की लेखी पावती द्यायची, ऋणकोला हिशेबाचा उतारा द्यायचा, त्यानं मागितलं तर पासबुकात नोंद करून द्यायची. म्हणजे उपाय काय सापडला, तर हिशेब दोघांच्याही हातात असावा. आज आपण कामगाराला जी पगारचिठ्ठी देतो किंवा द्यायला हवी, तिचं मूळ याच विचारात आहे.

गैरसमज नको. इथले आजचे मालक म्हणजे सावकार, असं आम्ही म्हणत नाही. तुमच्यातले कितीतरी जण मजुरी करून वर आलेल्या आईबापांची मुलं आहेत. आम्ही म्हणतो ते एवढंच : ज्या गावात एका बाजूच्या अज्ञानाची एवढी किंमत मोजली गेली, त्या गावानं "माहीत नव्हतं" हा शब्द हलका समजू नये.

"माहीत नव्हतं" याचे दोन अर्थ

आता थोडं आमच्या विषयाकडे येतो. अ‍ॅरिस्टॉटलनं एक भेद फार पूर्वी केला. एखादी गोष्ट कळणं शक्यच नव्हतं, हे एक अज्ञान. कळून घेणं आपलं काम होतं, ते अवघडही नव्हतं, पण आपण लक्ष दिलं नाही, हे दुसरं. पहिल्याला आपण क्षमा करतो. दुसऱ्यासाठी माणूस स्वतः जबाबदार असतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे या दोन्ही बाजू आल्या आहेत. जयपूर संस्थानात अफूविषयी एक कायदा मंत्रिमंडळानं मंजूर केला होता, पण तो लोकांसमोर कधी प्रसिद्धच झाला नाही. त्याखाली एका माणसाला शिक्षा झाली. 1951 मध्ये न्यायालयानं सांगितलं, की जो कायदा लोकांना कळवलाच नाही त्याखाली शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. आता दुसरी बाजू. नोव्हेंबर 1962 मध्ये एक परदेशी प्रवासी सोनं घेऊन झुरिकहून मनिलाला निघाला होता. विमान मुंबईत थांबलं. सोन्याबाबतचा बदललेला नियम भारताच्या राजपत्रात 24 नोव्हेंबरला छापला गेला होता आणि हा माणूस 28 तारखेला पकडला गेला. मला कसं कळणार, असं त्याच्या बाजूनं मांडलं गेलं. न्यायालयानं ते मानलं नाही. राजपत्रात आलं, म्हणजे कायदा प्रसिद्ध झाला.

थोडक्यात, सरकारनं राजपत्रात छापणं हे सरकारचं कर्तव्य, आणि छापल्यावर ते कळून घेणं हे आपलं. कोणी घरी येऊन सांगेल, ही वाट बघण्यात अर्थ नाही.

पण मालकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. लॉन फुलर नावाच्या अमेरिकन विचारवंतानं 1964 च्या आपल्या पुस्तकात कायदा कशानं फसतो याची यादी दिली आहे. त्यात एक कारण असं, की कायदा इतक्या वेळा बदलतो की लोकांना त्याप्रमाणे वागणंच जमत नाही. छोट्या दुकानदाराला आज नेमकं हेच वाटतं, आणि त्याचं ते वाटणं खोटं नाही.

गेल्या काही वर्षांत काय बदललं?

उदाहरणादाखल काही मोजक्या गोष्टी घेऊ.

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांना आपल्याकडे 1948 चा कायदा होता. 2017 मध्ये त्याच्या जागी नवा आला. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे तो पूर्णपणे लागू. वर्षाला 8 नैमित्तिक रजा. वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे 1 अर्जित रजा, ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार धरून 8 पगारी सुट्ट्या. ऑक्टोबर 2025 मध्ये अध्यादेशानं यात बदल झाला : दहा कामगारांची अट वीसवर गेली आणि दिवसाचे कमाल तास 9 वरून 10 झाले.

केंद्रात 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्यातली वेतन संहिता संसदेनं 2019 मध्ये मंजूर केली, पण चारही संहिता लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 ला. मधल्या सहा वर्षांत "नवा कायदा लागू झाला" असे मेसेज किती वेळा फिरले ते आठवा.

या संहितांमधली एक गोष्ट हिशेब करूनच बघू. समजा, कामगाराला महिन्याला 20,000 रुपये मिळतात. त्यात मूळ पगार 7,000 आणि निरनिराळे भत्ते 13,000. नवा नियम असा, की वगळता येणारे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. निम्मे म्हणजे 10,000. भत्ते त्याहून 3,000 ने जास्त आहेत. ते 7,000 मध्ये मिळवा. वेतन झालं 10,000. ग्रॅच्युइटी वर्षामागे 15 दिवसांची, 26 दिवसांचा महिना धरून. 7,000 वर ती सुमारे 4,038 होते, 10,000 वर सुमारे 5,769. माणूस तोच, काम तेच. व्याख्या बदलली तर रक्कम बदलली.

रजेचंही तसंच. कारखान्यातल्या पगारी रजेसाठी जुन्या कायद्यात वर्षात 240 दिवस काम लागायचं. नव्या संहितेत ते 180 केलं आहे. 200 दिवस काम करणाऱ्याला आधी काही मिळत नव्हतं. आता 20 दिवसांमागे 1 या हिशेबानं 10 दिवस मिळतात. कोणी राजीनामा दिला किंवा कोणाला काढलं, तर त्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर बघू, हे आता चालत नाही.

बदल दर वेळी खर्च वाढवणाराच असतो असंही नाही. 1 एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. तुमच्या पगारपत्रकात तो अजून कापला जात असेल, तर तुमचा काहीच फायदा न होता त्या बाईंचं नुकसान होत आहे.

मग करायचं काय?

आम्ही आमच्या न्यासात चुकीनंतर ज्या सवयी लावल्या, त्या सांगतो. त्याला वकील लागत नाही. एक वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

पहिली सवय : आपण कुठे बसतो ते एका पानावर लिहायचं. कामगार किती, त्यात स्त्रिया किती, कामाचा प्रकार कोणता, जागा कोणती. कारण कायदा या चार गोष्टींवर ठरतो. किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार असतात. तुमचं एक दुकान बारामती शहरात आणि दुसरं सुप्यात असेल, तर दोन्हीकडे एकच दर धरून चालू नका, तपासा. आणि एक लक्षात ठेवा : किमान वेतनाला कामगारांच्या संख्येची अट नाही. एक माणूस असला तरी ते लागू आहे.

दुसरी सवय : कोणतीही बातमी आली की तीन तारखा विचारायच्या. मंजूर कधी झालं? राजपत्रात कधी आलं? लागू कधीपासून? पहिल्या तारखेला घाबरायचं नाही आणि तिसरी चुकवायची नाही. मोबाइलवर आलेला मजकूर ही फक्त सूचना समजायची. खात्री राजपत्रावरून, कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून किंवा कामगार कार्यालयात विचारून करायची.

तिसरी सवय : कॅलेंडरवर खुणा. दर महिन्याची 7 तारीख, कारण मासिक पगार त्याच्या आत झाला पाहिजे. 1 जानेवारी आणि 1 जुलै, कारण महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता या दोन तारखांपासून बदलतो. आमची चूक इथेच झाली. आकडा जाहीर व्हायला कधी कधी उशीर होतो, पण लागू मागच्या तारखेपासून असतो. मग फरक द्यावा लागतो, तो बाजूला ठेवायचा. डिसेंबरअखेर प्रत्येकाची शिल्लक रजा. शिवाय ज्या सुट्ट्या कॅलेंडरवर छापलेल्या नसतात त्या. आपल्या मतदारसंघात 7 मे 2024 ला लोकसभेचं आणि 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं. मतदानाची सुट्टी पगारी असते.

चौथी सवय : हे काम कोणाचं, ते नाव घालून ठरवायचं. बहुतेक ठिकाणी मालकाला वाटतं की सीए बघत असेल, आणि सीए फक्त कराचं बघत असतात. दोघांचीही चूक नाही. प्रश्नच कोणी विचारलेला नसतो. तो आज विचारा, उत्तर लेखी घ्या.

पाचवी सवय सगळ्यात महत्त्वाची : कामगारांना सांगायचं. दर, पगाराचा दिवस आणि कायद्याचा सारांश फलकावर लावणं, नोंदवही ठेवणं आणि पगारचिठ्ठी देणं हे वेतन संहितेतच आहे. स्त्री कामगाराला नेमताना प्रसूतीच्या लाभांची लेखी कल्पना देणं हेही 2017 पासून कायद्यात आलं. त्याच वर्षी ती रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. पण फलक लावून थांबू नका. ज्याला वाचायला जड जातं, त्याला वाचून दाखवा. दर बदलला की सगळ्यांना उभ्या-उभ्या पाच मिनिटं बोलवा आणि सांगा : जुना आकडा हा, नवा हा, फरक इतका.

काहींना वाटतं, एवढं सांगितलं तर माणसं डोक्यावर बसतील. आमचा अनुभव उलटा आहे. आणि कायद्याच्या बाजूनं बघितलं तरी तुमचंच हित आहे. वेतन संहितेप्रमाणे कामगार तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करू शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तुम्ही प्रामाणिकपणे रोख दिलेत, पण सही नाही, चिठ्ठी नाही, तर तुमचा प्रामाणिकपणा दाखवणार कशानं? 1875 साली कागद एकाच्याच पेटीत होता. आज तो कोणाच्याच पेटीत नसला, तरी भांडण तेवढंच होतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एक हॉटेलवाले विचारत आहेत : "माझ्याकडे बारा माणसं आहेत. आता अट वीसची झाली, तर त्या 8 रजा बंद केल्या तर चालेल का?"

आधी कायद्यापुरतं बोलू. एका कायद्यातली संख्या बदलली म्हणून बाकीचे कायदे जात नाहीत; किमान वेतन आहेच, आणि दहाहून जास्त माणसं असली तर दुसऱ्या कोणत्या तरतुदी लागू होतात ते लेखी विचारून घ्या. आता कायद्यापलीकडचं. सहा-सात वर्षं तुम्ही ज्या रजा देत आलात, त्या तुमच्या माणसांनी आईच्या दवाखान्यासाठी, पेरणीसाठी धरून ठेवल्या आहेत. कायदा सांगतो ती सगळ्यात खालची पायरी. ती पायरी काढली म्हणून आपण खाली उतरलंच पाहिजे, असं कुठे लिहिलं आहे? नोकरीवर घेताना तुम्ही शब्द दिला असेल, तर तो कायद्यानं नव्हे, तुम्ही दिलेला आहे. आम्हाला विचाराल तर आम्ही बंद करणार नाही.

दुसरा प्रश्न : "आमच्याकडची माणसं उचल घेऊन येतात, लिहायला नकोच म्हणतात."

नको म्हणतात, कारण कागद म्हणजे अडकणं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तो सुप्याला सांगायला नको. म्हणून वही दोन ठेवा, एक त्यांच्याकडे. उचल किती, फेड किती, बाकी किती, प्रत्येक पगाराला दोन्हीकडे लिहा. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही, हेही त्यांना तुम्हीच सांगा. ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

शेवटचं सांगून थांबतो. फरक दिल्यानंतर आम्ही मामांना म्हटलं होतं, "पुढच्या वेळी तुम्हाला आधी कळलं, तर आम्हाला सांगा. आमचं चुकत असेल." त्यांना ते पटायला वेळ लागला. पण पुढच्या जानेवारीत ते किल्ली ठेवायला आले, आणि जाता जाता दारात थांबून म्हणाले, "सर, नवा आकडा आला का?"

आला नव्हता. पण त्या दिवसापासून आमच्या न्यासात दर सहा महिन्यांनी तो शोधणारी माणसं दोन झाली.